मेग्राही, अबू सालेम आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

गेले काही दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, कुणी तरी डिलीट करतं तोवर दुसरा कुणी टाकतो. थोडक्यात असं आहे: मित्रदेशच एकमेकांचा गळा कापतात, ब्रिटनने लॉकर्बीचा बॉम्बवाला तेलासाठी लिबियाला विकला, अमेरिका मात्र दहशतवाद्याला कधी सोडत नाही आणि कुणाला सोडू देत नाही, आणि आपण पोर्तुगालला घाबरून अबू सालेमला २०३० मध्ये सोडणार, तेव्हा शब्द मोडा, पोर्तुगाल आपलं काय वाकडं करणार आहे.

राग मला कळतो. ज्यात सालेम दोषी ठरला त्या १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, आणि आपल्याकडची किती घरं तेव्हा लालबाग-परळ-वरळीच्या पगारावर चालत होती ते नव्याने सांगायला नको. खरं राग बरोबर आहे म्हणून मेसेज बरोबर होत नाही.

आधी लॉकर्बी बघू. २१ डिसेंबर १९८८ ला पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला निघालं आणि स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर आकाशातच बॉम्बने फुटलं, विमानातले २५९ आणि खाली घरात बसलेले ११, मिळून २७० गेले. त्यात सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीचे ३५ विद्यार्थी होते, नाताळला घरी चाललेले. सगळ्या परिसरात कपडे, बॅगा, वह्या विखुरल्या होत्या, आणि पोलिसांचं काम झाल्यावर गावातल्या बायकांनी ते कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घालून मेलेल्यांच्या घरी पाठवले. ‘स्कॉटलंडवाल्यांना काय पडलंय’ असं त्या मेसेजखाली लिहिणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता ‘तेलासाठी विकला’. यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेला मेसेजच जास्त फिरतो. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर २००७ मध्ये लिबियात गेले, कैदी अदलाबदलीच्या कराराचं बोलणं झालं, बीपी कंपनीला तिथे तेल शोधायचं कंत्राट हवं होतं आणि करार लवकर करा म्हणून आपण सरकारच्या मागे लागलो होतो हे कंपनीने नंतर स्वतः कबूल केलं. हे सगळं लाजिरवाणं आहे आणि मी त्याची बाजू घेत नाही. खरं मेग्राही, म्हणजे या बॉम्बसाठी दोषी ठरलेला लिबियाचा माणूस, त्या करारावर सुटलाच नाही! लिबियाने करारानुसार अर्ज केला होता, तो स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकआस्किल यांनी फेटाळला. त्यांनी त्याला सोडलं ते २० ऑगस्ट २००९ ला, प्रोस्टेटचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे म्हणून, दयेच्या तरतुदीखाली. मॅकआस्किल एसएनपीचे, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीचे, लंडनमध्ये सरकार लेबरचं, दोघांचं राजकारण एकमेकांच्या विरोधातलं. लंडनला सुटका हवी होती हे २०११ च्या सरकारी रिपोर्टमध्येही आलं, पण स्कॉटलंडवर दबाव टाकल्याचा पुरावा सापडला नाही असंही त्यातच आहे.

आणि मग प्रश्न येतो की लंडनने सरळ थांबवलं का नाही? तर अधिकारच नव्हता. खटला स्कॉटिश कायद्याने चालला, नेदरलँड्समध्ये खास बसवलेल्या कोर्टात स्कॉटिश जज बसले, २००१ मध्ये शिक्षा त्यांनीच दिली. हे समजायला आपल्या सीमाभागात तर काहीच अवघड नाही. चंदगडचा माणूस बेळगावच्या कोर्टात दोषी ठरून हिंडलग्याच्या जेलात बसला असेल तर त्याच्या माफीची फाईल बेंगळूरला जाते, मुंबईला नाही. बिल्किस बानो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये हेच ठणकावलं: गुन्हा गुजरातेत झाला, कैदीही गुजरातच्या जेलात होते, तरी शिक्षा मुंबईच्या कोर्टाची म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा, आणि गुजरातने दिलेली माफी रद्द झाली.

‘तीन महिने जगेल म्हणून सांगितलं आणि पावणेतीन वर्षं जगला’ हा मुद्दा मात्र मला मान्य आहे. तो मे २०१२ मध्ये मेला. त्रिपोलीच्या विमानतळावर त्याचं झेंडे हलवून जे स्वागत झालं, त्यात स्कॉटलंडचेही झेंडे होते, ते बघून अमेरिकेतल्या आईबापांना काय वाटलं असेल. एफबीआयचे प्रमुख रॉबर्ट म्युलर यांनी तर मॅकआस्किलना जाहीर पत्र लिहून झाडलं, ही न्यायाची थट्टा आहे म्हणून. पण सगळी कुटुंबं एका बाजूला होती असं नाही. मुलगी गमावलेले ब्रिटिश डॉक्टर जिम स्वायर यांना मेग्राही निर्दोष वाटायचा, आणि २००७ मध्ये स्कॉटलंडच्याच रिव्ह्यू कमिशनने केस परत अपिलात पाठवली होती. (त्याच्या मृत्यूनंतर घरच्यांनी केलेलं अपील २०२१ मध्ये फेटाळलं गेलं, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो आजही दोषीच.)

अमेरिका कुणाला सोडू देत नाही, हे तर साफ खोटं. १९८५ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं विमान पळवून अमेरिकन नेव्हीच्या डायव्हरला मारणारा मोहम्मद अली हमादी जर्मनीत सापडला, अमेरिकेने मागितला, जर्मनीने फाशीच्या भीतीने दिला नाही, जन्मठेप दिली आणि डिसेंबर २००५ मध्ये पॅरोलवर सोडून लेबनॉनला पाठवला. अमेरिका ओरडत राहिली. अमेरिकन आणि इस्रायली अधिकाऱ्यांच्या खुनात सामील म्हणून दोषी ठरलेल्या लेबनॉनच्या जॉर्ज अब्दल्लाला फ्रान्सने जुलै २०२५ मध्ये सोडलं, तेही अमेरिकेचा विरोध असताना. आणि अमेरिकेने काय केलं? ब्रिटिश कॅप्टनच्या खुनात दोषी ठरलेला, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा जो डोहर्टी न्यूयॉर्कला पळाला, तर अमेरिकन जजने १९८४ मध्ये ‘हा राजकीय गुन्हा’ म्हणून त्याला ब्रिटनकडे द्यायला नकार दिला. तो परत गेला १९९२ ला. मैत्री सगळ्यांचीच होती.

आता सालेम, मला मुळात यावरच बोलायचं होतं. तो २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालने फाशी सामान्य गुन्ह्यांसाठी १८६७ मध्येच बंद केली, जन्मठेपही तिथे नाही, जास्तीत जास्त २५ वर्षं. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान अडवाणी यांनी लेखी हमी दिली: फाशी नाही, २५ वर्षांवर कैद नाही. या कागदावर तो नोव्हेंबर २००५ मध्ये आपल्याला मिळाला. हमी दिली नसती तर तो आलाच नसता, २०१७ मध्ये टाडा कोर्टाची जन्मठेप झालीच नसती, आज तो युरोपात कुठे तरी आरामात राहिला असता. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की २५ वर्षं झाली की केंद्राने राष्ट्रपतींना सल्ला देऊन त्याला सोडायची कारवाई करायची. घाबरण्याचा यात काय संबंध? आपण घेतलं ते ठेवायचं आणि दिलेलं नाकारायचं, हे कुठला देश दुसऱ्यांदा सहन करेल.

‘पोर्तुगाल काय करणार’ म्हणणाऱ्यांनी पुरुलियाची केस बघावी. डिसेंबर १९९५ मध्ये बंगालमध्ये विमानातून शस्त्रं टाकली गेली. देशाविरुद्ध युद्धाच्या कटात जन्मठेप झालेल्या विमानातल्या पाच जणांना आपण २००० मध्ये रशियाच्या सांगण्यावरून सोडलं, ब्रिटिश पीटर ब्लीचला २००४ मध्ये ब्रिटनच्या. तेव्हा ‘आपण कधी सोडत नाही’ हेही खरं नाही. आणि त्या कटातला मुख्य आरोपी किम डेव्ही अजून डेन्मार्कमध्ये आहे. आपण जादा हमी देऊनसुद्धा तिथल्या कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला द्यायला नकार दिला, इथल्या जेलात त्याला छळणार नाहीत यावर त्यांचा विश्वास बसला नाही म्हणून. आता २०३० मध्ये सालेमबाबतचा लेखी शब्द आपण मोडला, तर पुढच्या वेळी असल्या कोर्टात आपला वकील कुठला कागद पुढे करणार ते मेसेज पाठवणाऱ्यांनी सांगावं.