पेंग्विनच्या काचेपाशी

ताई, दिव्यांग मुलाला घेऊन दिवाळीच्या सुट्टीत बाहेर पडायचं म्हणजे आधी पायऱ्या मोजायच्या, हे तुमचं वाक्य वाचून डोळे भरून आले. आमच्या ९ वर्षांच्या लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. ऑक्टोबरचं ऊन त्याला सोसत नाही, म्हणून सकाळीच लोकलच्या दिव्यांग डब्यातून मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयात जातो (बुधवारी बंद असते हं!). गेल्या वर्षी त्याने पेंग्विनच्या काचेला हात टेकवला आणि घट्ट मिटलेली बोटं एकेक करून उघडली. तासभर तिथून हललोच नाही. परतताना स्टेशनवरची लिफ्ट बंद. हे त्याला उचलून पूल चढले, व्हीलचेअर मी ओढली. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना? मग लिफ्ट चालू ठेवा, एवढंच मागणं आहे. यंदाही जाणार आहोत.