‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांच्या आद्याक्षरांतून ‘न्यूज’ शब्द झाला, असा मजकूर सामान्यज्ञान म्हणून पुन्हा फिरतो आहे. मुलांच्या वह्यांतही तो उतरतो, म्हणून स्पष्ट सांगते: ही व्युत्पत्ती चुकीची आहे.

‘न्यू’ म्हणजे नवा. त्याचंच अनेकवचन ‘न्यूज’, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्ये ‘नूव्हेल’ हा शब्द अगदी असाच, ‘नवा’वरून बातमीकडे गेलेला आहे, आणि इंग्रजीने तोच कित्ता गिरवला असं मानतात. जुन्या इंग्रजी लिखाणात स्पेलिंगच्या मधे आणखी एक ‘ई’ सापडतो: एन-ई-डब्ल्यू-ई-एस. मग ही पाचवी दिशा कुठली? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची पद्धत खरी रुळली ती विसाव्या शतकात. ‘रडार’ हे त्याचं उदाहरण. ‘न्यूज’ त्याच्या कित्येक शतकं आधीचा.

दिशांची कल्पना मात्र जुनी आहे. १६४० च्या एका इंग्रजी संग्रहातल्या चार ओळींत ती येते, पण शब्दाशी केलेला खेळ म्हणून. तो खेळच आज इतिहास म्हणून शिकवला जातो, याचं वाईट वाटतं.

वापराबद्दलही एक. रूप अनेकवचनी असलं तरी आजच्या इंग्रजीत क्रियापद एकवचनी येतं: ‘द न्यूज इज गुड’. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही चालत. ‘अ न्यूज’ मात्र चुकीचं. एकच बातमी असेल तर ‘अ पीस ऑफ न्यूज’. मराठीत आपण ‘एक न्यूज आली’ म्हणतो, त्यात काहीच गैर नाही.