१९७१ मध्ये 'मरुत'च्या स्क्वाड्रन खरंच बसून होत्या का?

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, त्यातही सोनेगाव-वायुसेनानगरकडच्या, मरुत या बंगळूरला बनलेल्या लढाऊ जेट विमानाविषयी आणि ते उडवणाऱ्या स्क्वाड्रनविषयी, म्हणजे हवाई दलाच्या तुकड्यांविषयी, एक मजकूर हमखास फिरतो. सारांश असा: 'एचएफ-२४ मरुत म्हणजे जर्मनांनी आपल्या गळ्यात मारलेली उडती शवपेटी. त्याला आवाजाचा वेग कधी गाठता आला नाही, १९७१ च्या युद्धात त्याच्या स्क्वाड्रन जमिनीवरच राहिल्या, सुटे भाग मिळेनात म्हणून शेवटी त्या बंदच कराव्या लागल्या.' सोबत एक फोटो. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

आधी फोटो, कारण तो लवकर निकाली निघतो. ते मिग-२१ आहे. नाकाच्या टोकालाच हवा घेणारं गोल तोंड आणि त्यातून बाहेर आलेला शंकू दिसला की मिग-२१ समजावं. मरुतचं नाक बंद आणि टोकदार; हवा आत जाते ती कॉकपिटच्या दोन्ही बाजूंच्या अर्धगोल तोंडांतून, आणि प्रत्येक तोंडात अर्धा शंकू बसवलेला असतो. मागे दोन नळकांडी शेजारी-शेजारी. पुण्याच्या कमला नेहरू पार्कमध्ये किंवा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेलं मरुत जवळून पाहिलं तर नाकाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन तोफांची भोकंही मोजता येतात. 'उडती शवपेटी' हे नावही वर्तमानपत्रांनी मिग-२१ ला चिकटवलेलं. फोटोबरोबर तेही इकडे आलेलं दिसतं.

'जर्मनांनी गळ्यात मारलं' यातही दम नाही. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले ते भारत सरकारने बोलावलं म्हणून. तयार विमान त्यांनी आणून विकलं नाही. आराखडा इथेच झाला. आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवून १९५९ मध्ये डकोटा मालवाहू विमानाच्या मागे बांधून उडवलं, त्याच्या चाचण्या झाल्या, आणि मग जून १९६१ मध्ये चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी पहिलं जेट हवेत नेलं. एकूण १४७ मरुत बनली, त्यांत १८ दोन आसनी.

आता वेगाचा मुद्दा. तो अर्धा खरा, म्हणूनच जास्त फसवा. मरुतची चौकट आवाजाच्या दुप्पट वेगाच्या हिशेबाने आखली होती. ते अर्धे शंकू त्याचीच खूण; आवाजाच्या वेगाखाली उडणाऱ्या विमानाला त्यांची गरज नसते. त्या चौकटीला लागणारं इंजिन म्हणजे ब्रिस्टल सिडलीचं ऑर्फियस १२, आफ्टरबर्नरसह (नळकांड्यात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) सुमारे ३,७०० किलो जोराचं. ब्रिटनने ते अर्ध्यावर सोडलं. पुढच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा असा प्रस्ताव होता, तो उचलला गेला नाही. मग तात्पुरतं म्हणून ऑर्फियस ७०३ बसवलं: आफ्टरबर्नर नाही, जोर एका इंजिनाला सुमारे २,२०० किलो. हे तात्पुरतंच कायमचं झालं. इजिप्तचं ई-३०० इंजिन एका मरुतमध्ये एका बाजूला बसवून, दुसऱ्या बाजूला ऑर्फियस तसंच ठेवून, मार्च १९६७ मध्ये इजिप्तमध्ये उडवूनही पाहिलं. तो कार्यक्रम पुढे गेला नाही. ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडायचा प्रयत्न झाला, तर शेपटाकडचा भाग फुगून हवेचा अडथळा वाढला आणि मिळालेला जोर त्यातच खर्ची पडू लागला. त्याच प्रकारच्या विमानात १० जानेवारी १९७० रोजी उड्डाण घेताना ग्रुप कॅप्टन दास यांचा मृत्यू झाला.

तेव्हा 'इंटरसेप्टर', म्हणजे शत्रूची विमानं हवेत अडवणारं लढाऊ विमान म्हणून मरुत फसलं, हे मान्यच. पण स्क्वाड्रनना ते दिलं होतं जमिनीवरच्या हल्ल्यासाठी, आणि तिथे हा मुद्दा गैरलागू आहे. समुद्रसपाटीला आवाजाचा वेग ताशी सुमारे १,२२५ किमी. मरुत खालच्या उंचीवर १,१०० च्या आसपास जाई. पंखांखाली बॉम्ब लटकवले की त्या काळची बहुतेक विमानं जमिनीलगत आवाजाच्या पुढे जात नव्हती. आपल्या हवाई दलाचं ब्रिटिश हंटरही सरळ उड्डाणात आवाजाच्या खालीच. अमेरिकेचं ए-१० तर याहून कितीतरी संथ. त्यांना कोणी फसलेलं म्हणत नाही.

'युद्धात जमिनीवरच राहिल्या' हे मात्र सरळ खोटं. १० नंबरच्या स्क्वाड्रनला मरुत १९६७ मध्ये मिळालं, २२० ला १९६९ मध्ये. डिसेंबर १९७१ मध्ये या दोन्ही जोधपूर आणि बाडमेरजवळच्या उत्तरलाईहून लढल्या. दोन आठवड्यांत तीनशेच्या वर लढाऊ उड्डाणं झाली. मुख्य काम मुनाबावच्या पलीकडे, सिंधमधल्या नया छोर भागात: ठाणी, रेल्वे, रसद. हवाई झुंजीत एकही मरुत पडलं नाही. तीन जमिनीवरून झालेल्या माऱ्यात गेली, एक उत्तरलाईला धावपट्टीच्या आवारात. ७ डिसेंबरला २२० स्क्वाड्रनच्या स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांच्या नावावर पाकिस्तानचं एक सेबर लढाऊ विमान पाडल्याचं जमा आहे. ५ तारखेला नया छोरवर हल्ला करताना फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव यांचं मरुत पडलं. उतरल्यावर त्यांनी पाकिस्तानी वैमानिक असल्याची बतावणी केली, ती कलमा म्हणायला सांगेपर्यंत टिकली. स्क्वाड्रन बसून असत्या तर हे युद्धकैदी झाले कसे?

यापेक्षाही बोलकी बाब परत आलेल्या विमानांची. किमान तीन वेळा एक इंजिन निकामी होऊनही मरुत तळावर पोचलं, एक तर सुमारे २४० किमी कापून. दोन्ही इंजिनं एकमेकांना खेटून असल्याने एक बंद पडलं तरी नाक फार एका बाजूला ओढलं जात नाही, आणि हायड्रॉलिक दाब गेला तर हाताच्या ताकदीवर सुकाणू चालवण्याची सोय होती. जड जाई, पण जाई. एका इंजिनाच्या हल्लेखोर विमानाचं इंजिन गेलं की वैमानिकापुढे पॅराशूटच उरतं.

इथे दुसऱ्या टोकाच्या मजकुराचाही समाचार घ्यायला हवा, कारण तोही याच गटांवर 'अभिमानाने फॉरवर्ड' होतो: 'लोंगेवालाचे रणगाडे मरुतनेच उडवले.' म्हणजे राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्यावर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे. नाही. ५ डिसेंबरच्या पहाटेपासून तिथे रणगाडे टिपले ते प्रामुख्याने जैसलमेरच्या हंटरनी. हंटरला रात्री लढता येत नव्हतं, म्हणून मेजर चांदपुरींच्या तुकडीला उजाडेपर्यंत तग धरावा लागला. गोंधळाचं एक कारण असं असावं की दोन्ही विमानांत तोफा एकच, ३० मिमी एडन, प्रत्येकी चार. श्रेय हंटरचं आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्यावं.

त्या तोफांवरून मरुतची खरी खोडही सांगता येते, जी मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. चारही तोफा एकदम झाडल्या की पुढच्या भागाला हादरे बसत. दर तोफेला १२० गोळे. मिनिटाला १,२०० या गतीने सहा सेकंदांत खेळ संपतो, त्यामुळे नेम हलला तर दुसरी संधी फारशी नाही. पोटात आत-बाहेर होणारी, 'मात्रा' कंपनीची रॉकेटची पेटी होती, ६८ मिमीची ५० रॉकेटं. पंखांखाली बॉम्ब लटकवायच्या चार खुंट्या, प्रत्येकी हजार पौंड पेलणाऱ्या. पण लांब जायचं म्हणून दोनांवर इंधनाच्या टाक्या लटकवल्या की बॉम्ब निम्म्यावर येत. टीका करायचीच तर यावर करावी.

राहिला सुटे भाग आणि 'बंद केल्या' हा मुद्दा. विमान बंगळूरचं, इंजिनही तिथेच परवान्याखाली बनलेलं, आणि त्याच घराण्याचं ऑर्फियस नॅट या लढाऊ विमानातही होतं. परदेशी पुरवठादाराने हात वर केले म्हणून विमान उभं राहिलं, असं मरुतच्या बाबतीत म्हणता येत नाही. ते गेलं कारण नवं इंजिन आलं नाही, तीनच स्क्वाड्रनसाठी वेगळी साखळी चालवणं महाग पडत होतं, आणि १९७९ पासून जग्वार व पुढे मिग-२३ बीएन ही नवी हल्लेखोर विमानं येऊ लागली.

आणि स्क्वाड्रन म्हणजे विमान नव्हे. नंबर, बोधचिन्ह, माणसं राहतात, विमानं बदलतात. १० नंबरकडे मरुतआधी व्हँपायर होती. तिला, २२० ला आणि नंतर मरुत मिळालेल्या ३१ ला, तिघींनाही पुढे मिग-२३ बीएन मिळालं. त्या मिगची मोठी दुरुस्ती ओझरच्या ११ बीआरडीत (बेस रिपेअर डेपो, हवाई दलाचा दुरुस्ती कारखाना) व्हायची, आणि बीआरडी येतात इथल्या वायुसेनानगरातल्या अनुरक्षण कमानच्या मुख्यालयाखाली; निदान नागपूरकरांनी तरी हा फरक चुकवू नये. ३१ आणि २२० यांना त्यानंतर सुखोई-३० मिळाली, ३१ जोधपूरला आणि २२० हलवाराला.