मालकाचं उत्तर: दुसरी नळी, दोन महिने आणि ‘स्वस्तातली’ ओव्हर-अंडर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्यामार्फत सेकंडहँड ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक, घेतली आणि फसलात, दुसरी नळी उडतच नाही, ट्रिगर कडक आहे, गन जड आहे, आम्ही दोन महिने उगाच लटकवलं आणि एवढ्या पैशात अमेरिकेत नवीकोरी मिळते हे नंतर यूट्यूबवर कळलं. वर ‘मालक गिऱ्हाइकाला शिकवायला बघतो’ असंही लिहिलंय. ते खरंय, आत्ताही तेच करणारे, कारण हे वाचून पुढचा माणूस चांगली गन चुकीच्या कारणासाठी सोडेल आणि वाईट गन चुकीच्या कारणासाठी घेईल.

आधी दुसरी नळी. तुम्ही टाकलेला व्हिडिओ बघितला. घरी सोफ्यावर बसून दोन्ही नळ्यांत डमी काडतुसं घातलीयत, ट्रिगर दाबला, टक झालं, परत दाबला, काहीच नाही. बरोबरच आहे, होणारच नाही. तुमच्या गनचा सिंगल ट्रिगर इनर्शियाचा आहे, म्हणजे पहिली नळी उडाली की जो धक्का मागे येतो त्या धक्क्याने आतला एक तुकडा हलतो आणि ट्रिगर दुसऱ्या नळीला जोडला जातो. डमीला धक्का कुठून येणार? बेरेट्टाच्या ६८६ मधेपण हाच प्रकार आहे आणि ती काय स्वस्तातली गन नाही. ब्राउनिंगच्या सिटोरी ७२५ मधे मेकॅनिकल ट्रिगर येतो, त्यात धक्का लागत नाही, डमीवरही दोन्ही टक होतात. कुठला चांगला यावर नेमबाज लोक चहा थंड होईपर्यंत भांडतात, पण बिघाड कुणी म्हणत नाही.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर गन उघडून आत फक्त डमीच आहेत याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, पहिला टक झाला की दस्त्याच्या रबरी पॅडवर तळहाताने जोरात एक थाप मारा आणि मग ट्रिगर दाबा. दुसरा टक येईल. आमच्या काउंटरवर हे करून दाखवलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर होता.

आता इथे एक खरी मर्यादा आहे, ती सांगतो. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर इनर्शियावाला ट्रिगर दुसरीकडे जात नाही, सिलेक्टर, म्हणजे कुठली नळी आधी ते ठरवणारी कळ, हाताने सरकवावा लागतो. फार हलक्या काडतुसानेही काही गनमधे असं होतं, धक्का पुरत नाही. क्लेवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर, त्याने एखादा पॉइंट जातो, बाकी काही नाही. म्हणून मी नेहमी विचारतो की गन कशासाठी हवीय. शेतावर पिकाच्या राखणीसाठी लायसन असलेला माणूस आला तर त्याला मी ओव्हर-अंडर दाखवतच नाही, साधी आडवी डबल बॅरल घ्या, दोन ट्रिगरवाली, एक नळी रुसली तर दुसऱ्या ट्रिगरवर बोट, विषय संपला. तुम्ही म्हणालात ट्रॅप, म्हणजे उडत्या क्लेवरची नेमबाजी, शिकायचंय, म्हणून ही दाखवली.

दोन महिन्यांचं. ही गन आमच्या स्टॉकची नव्हती, एका जुन्या गिऱ्हाइकाच्या लायसनवर होती. शस्त्र कायदा १९५९, कलम ५, खाजगी माणसाने स्वतःची गन दुसऱ्याला विकायची असेल तर घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. ४५ दिवस हे, त्यात तुमच्या लायसनवर नोंद वगैरे धरून दोन महिने झाले. मी आधी दिली असती तर आज रिव्ह्यू नसता आला, समन्स आलं असतं, आणि ते आपल्या दोघांनाही आलं असतं.

अमेरिकेतली किंमत. खरंय, तिकडे हजार डॉलरच्या आत नवी तुर्की ओव्हर-अंडर मिळते. पण तिकडचा माणूस व्हिडिओत ‘वर्थ इट’ म्हणतो तेव्हा तो काय धरून बोलतोय ते बघा ना, नाही आवडली तर पुढच्या आठवड्यात विकेल, पिन तुटली तर कंपनी पाठवेल, कपाटात आणखी चार पडल्यात. आपल्याकडे साध्या लायसनवाल्याला बाहेरून गन मागवता येत नाही, ती वाट नामांकित नेमबाजांची. म्हणजे देशात आधीच ज्या आहेत त्याच या हातातून त्या हातात फिरतात आणि त्यांची किंमत दर्जावर कमी, टंचाईवर जास्त ठरते. रशियन बायकाल घ्या. इझेव्हस्कच्या कारखान्यातली गन, जगभर गरिबाची ओव्हर-अंडर म्हणून ओळखतात, दिसायला ओबडधोबड, लाकूड बघून रडू येईल, पण नळ्या आतून क्रोम केलेल्या आणि वर्षानुवर्षं चालते. तिकडे तिला कोणी विचारत नाही, इथे चांगल्या अवस्थेतली निघाली की दोन फोन येतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी त्या व्हिडिओत नसते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या लायसनवाल्याला दोनच बंदुका. आधी तीन होत्या. म्हणजे स्वस्त म्हणून काहीतरी उचललं तर पैसे जातातच पण अर्धी जागापण जाते, आणि ती मोकळी करायची तर पुन्हा गिऱ्हाईक शोधा, पुन्हा अर्ज, पुन्हा ४५ दिवस. माझ्या मते पुण्यात बसून ‘परवडणारी’ गन ठरवताना किंमत तिसऱ्या नंबरला येते. आधी तुम्ही महिन्याला किती काडतुसं उडवणार, मग बिघडली तर दुरुस्त कोण करणार.

काडतुसांचा हिशोब सोपाय. ट्रॅपचा एक राउंड २५ क्लेचा, स्पर्धेच्या क्वालिफिकेशनला असे पाच, १२५, आणि एका क्लेला दोन काडतुसं उडवायची मुभा. जो मुलगा स्टेट, नॅशनलच्या नादाला लागलाय तो आठवड्यात जेवढं उडवतो तेवढं हौशी माणूस अख्ख्या सीझनला उडवत नाही. त्याला मी स्वस्त गन देणार नाही, त्याने कितीही स्टार कापले तरी, कारण स्वस्त गनमधे पैसे वाचवलेले असतात ते नेमके बिजागरीच्या पिनच्या पोलादात, स्प्रिंगमधे आणि दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळवणीत, आणि हे तिन्ही हजारो काडतुसांनंतरच उघडं पडतं. तुम्ही म्हणालात महिन्यातून एखादा रविवार. त्या वापराला ही गन तुमच्या हयातीत ढिली होत नाही.

ढिली आहे की नाही हे मी तुमच्यासमोरच बघितलं होतं, इथे परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुढचं लाकूड म्हणजे फोरएंड काढायचं, गन बंद ठेवून एका हातात नळ्या, दुसऱ्यात दस्ता, आणि हलवायचं. जुन्या फाटकासारखी कुठे खडखडली तर सरळ परत द्यायची. मग ट्यूबलाइटसमोर धरून मागची फट बघायची, नळी आणि फेस, म्हणजे नळी मागे जिथे टेकते तो पोलादी भाग, यांच्या मधून उजेड दिसता कामा नये. वरची किल्ली, जी अंगठ्याने सरकवतो ती, बंद केल्यावर मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबली तर लॉकमधे अजून जीव आहे, मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर बरंच झिजलंय. तुमची उजवीकडे थांबते, आत्ता उठून बघा.

नळ्या काढून आतून बघायच्या, गोल सावलीची कडी दिसली तर कधीतरी आत काहीतरी अडकलेलं असताना उडवलीय, फुगलीय, अशी गन फुकट मिळाली तरी नको. नंतर नळ्यांना दोरीच्या फासात टांगून बोटाने टिचकी मारायची. घंटेसारखा लांब नाद आला तर नळ्यांवरची पट्टी नीट चिकटलेली आहे, भुणभुण आली तर डाख सुटलाय आणि त्यात पावसाळ्याचं पाणी शिरून आतून गंज चालू झालेला असतो, जो बाहेरून कधीच दिसत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गन कपाटात कापडी कव्हरमधे ठेवणारे लोक आहेत, मी तरी त्यांना हात जोडतो. हे सगळं झाल्यावर नंबर आणि प्रूफचे, म्हणजे नळ्यांची दाब-चाचणी झाल्याचे, शिक्के. नंबर खोडलेला किंवा घासलेला दिसला तर पुढे बोलायचंच नाही, किंमत कितीही गोड असू दे, ती वस्तू जवळ सापडली तर उलट सिद्ध होईपर्यंत नंबर तुम्हीच खोडला असं कायदा धरतो.

शेवटी कागद. ४० यार्डावर मोठा ब्राउन पेपर, दोन्ही नळ्यांनी एकेक, छऱ्यांच्या दाटीभोवती ३० इंचाचं वर्तुळ काढून छरे मोजायचे. फुल चोकला (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा) ७० टक्क्यांच्या आसपास आत पाहिजेत, मॉडिफाइडला ६०. आणि दोन्ही वर्तुळांचे मध्य जवळजवळ एकाच जागी. स्वस्त ओव्हर-अंडरचा खरा निकाल इथे लागतो, नक्षीकाम आणि अक्रोडाच्या दस्त्यावर नाही. तुमचे दोन्ही कागद दुकानात गुंडाळून ठेवलेत, तारीख घालून, सही तुमचीच आहे.

ट्रिगर कडक आहे, मान्य, या किमतीत तो लोण्यासारखा नसतो हे विकतानाच बोललो होतो. पण कोणीतरी ‘घासून हलका करून देतो’ म्हणालं तर कृपया देऊ नका. सिअर, म्हणजे आतला घोडा अडवून धरणारा तुकडा, जरा जास्त घासला गेला की गन जोरात बंद केली तरी उडू शकते आणि तेव्हा नळी कुठे असेल ते सांगता येत नाही. शंभरेक काडतुसांनंतर बोटाला सवय होते. जडपणाबद्दल म्हणाल तर ते तुमच्या खांद्याच्या फायद्याचं आहे, २४ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस साडेतीन किलोच्या गनमधे जाणवतसुद्धा नाही, हलक्या गनमधे दुसऱ्या राउंडलाच गाल सुजतो. खालची नळी आधी ठेवा, तिचा धक्का खांद्याच्या सरळ रेषेत येतो, नळीचं तोंड कमी उचलतं, दुसऱ्या शॉटला क्ले शोधत बसावं लागत नाही.

बाकी दुकान दुपारी बंद असतं ही तक्रार रिव्ह्यूत शेवटी होतीच, त्यावर काही बोलत नाही, पाटी आहे.

थाप मारूनही दुसरा टक आला नाही तर मात्र माझ्याकडे आणाच, कारागीर शनिवारी दिवसभर असतात. गन उघडून, रिकामी करून केसमधे, लायसनची मूळ प्रत सोबत. रेंजवर काही काडतुसं उडाली नसतील तर ती जपून, वेगळी ठेवून आणा आणि उडालेल्यांचीही चारपाच टरफलं आणा, खडकीच्या कारखान्याची असोत नाहीतर बाहेरची. मागच्या टोपीवर पिनची खूण मधोमध आणि खोल पडलीय की नाही ते बघितलं की दोष पिनचा, स्प्रिंगचा की काडतुसाचा हे पाच मिनिटात कळतं. दोष पिनचा निघाला तर ती इथेच बनवून देऊ, तेवढ्याचे पैसे लागणार नाहीत.