अहवाल वाचला असे समजावे

आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत गेली बावीस वर्षं मी एकच वाक्य म्हणत आलोय : "अहवाल छापून सर्वांना दिलेला आहे, तरी तो वाचला असे समजावे." खालून "मंजूर, मंजूर" असा गलका होतो आणि विषय क्रमांक दोन संपतो. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, हिशेब तपासनिसांचे शेरे, त्यावरचा दोष दुरुस्ती अहवाल, असा बत्तीस पानांचा ऐवज त्या एका 'समजावे'वर पार पडतो. तोवर मागच्या बाजूला वड्याचं तेल तापलेलं असतं आणि सभासदांचं निम्मं लक्ष तिकडेच असतं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

यंदा अण्णांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, घात केला. जुलैमध्ये ते महाबळेश्वरला संचालकांच्या शिबिराला गेले. एरवी तिथून ते स्ट्रॉबेरीचं सिरप आणि सर्दी घेऊन येतात. या वेळी तिसरी गोष्ट आणली.

"सचिव, यंदा अहवाल पीपीटीवर घ्यायचा. पडद्यावर. पुढारलेल्या संस्था समद्या तसंच करत्यात."

"अण्णा, मला ते येत नाही."

"मग शिका की. तीस सप्टेंबर लांब हाय अजून."

मार्चअखेरनंतर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, हे कायद्याचं बोट अण्णा फक्त आमच्यासारख्यांच्या बाबतीत पकडतात.

तसा मला संगणक येतो. म्हणजे व्याज लावता येतं, दिवसअखेरीची रोकड जुळवता येते, प्रिंटर अडकला तर नेमकी कुठे थाप मारायची ते ठाऊक आहे. पण पॉवरपॉइंट उघडलं, तेव्हा समोर एक पांढरं पान आणि त्यात दोन चौकटी. इथे शीर्षक लिहा, असं त्यावरच लिहिलेलं. मी लिहायला लागलो. आमच्या संस्थेचं नाव ग्रामीण बिगरशेतीपासून सुरू होऊन मर्यादितपर्यंत जातं, त्यापुढे रजिस्टर नंबर, त्यापुढे चौतिसावी वार्षिक सर्वसाधारण सभा. एवढं लिहिल्यावर ते शीर्षक चौकटीतून वर-खाली उतू गेलं. खालच्या चौकटीत वेगळीच तऱ्हा. तिथे मी अध्यक्षीय मनोगत घालायला घेतलं, तर जितकं लिहीन तितकं अक्षर आक्रसत गेलं. शेवटी औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांएवढं झालं.

गणपतीला भाची आली होती. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पाहिलं आणि म्हणाली, "मामा, अगदी सोप्पं आहे. पहिली गोष्ट, वाक्यं लिहायचीच नाहीत."

"मग अहवाल कसा होणार?"

"मुद्दे लिहायचे. बाकीचं तोंडाने बोलायचं."

इथेच माझ्या पोटात खड्डा पडला. बाकीचं तोंडाने बोलायचं असतं, तर 'समजावे' कशाला शोधलं होतं? छापील अहवालात 'थकबाकीचे प्रमाण काही अपरिहार्य कारणांमुळे किंचित वाढले असले, तरी वसुलीचे प्रयत्न युद्धपातळीवर सुरू आहेत' असं लिहिता येतं. त्याचा मुद्दा करा. 'थकबाकी वाढली.' उरतं काय? सहकारी मराठीतलं सगळं मांस गेलं आणि हाडं तेवढी राहिली.

मी तोड काढली. छापखान्यातून अहवालाची फाइल आणली आणि त्यातला मजकूर उचलून स्लाइडवर चिकटवला. 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो' यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं आली. चित्रकथेतला खलनायक शिव्या देतो, तशी. भाचीने समजावलं की छापखान्यातला जुना फॉन्ट हे निव्वळ सोंग असतं. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्या तोंडाला देवनागरीचा रंग फासतो. ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही, तिथे रंग उतरतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, 'क'चा ०९१५.

"म्हणजे खाते क्रमांक," मी म्हणालो. या सगळ्या शिकवणीत मला पटकन कळलेली ही एकमेव गोष्ट. तिने मजकूर कसल्याशा कन्व्हर्टरमधून काढून दिला. मराठी आलं, पण रफार घसरलेले. सर्वसाधारण सभेची 'सवर्साधारण' झाली होती आणि सगळ्या कर्जांचं 'कजर्'. दोन रात्री मी रफार जागेवर बसवत होतो. थकबाकीदारांच्या मागे इतका फिरलो असतो, तर आकडा नक्की खाली आला असता.

या काळात तिने मला बरंच ज्ञान दिलं. हे पॉवरपॉइंट म्हणे एप्रिल १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी निघालं. फोरथॉट नावाच्या कंपनीतल्या रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं काम. आधी नाव 'प्रेझेंटर' होतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला कंपनीच विकत घेतली. पहिली आवृत्ती काळी-पांढरी होती आणि तिच्यातून प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक पट्ट्या छापून काढत. मी त्या वर्षी दहावीला होतो आणि भूमितीत गटांगळ्या खात होतो. पॉवरपॉइंटवाले तिथेच थांबले असते, तर पुढचा प्रसंग टळला असता. पण माणसाला हलतं-डुलतं काहीतरी लागतं.

तिने कुणा अमेरिकी लेखकाचा दहा-वीस-तीसचा नियमही सांगितला : दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि तीसपेक्षा लहान अक्षर नाही. मी अण्णांना म्हणालो, "हा गाय कावासाकीचा नियम आहे."

"गाय आन् कावासाकी?" अण्णा खूश झाले. "दोन्हीला आपण कर्ज देतो. घाला घाला."

दहा स्लाइड अशक्यच होत्या. आमचे संचालक तेरा. प्रत्येकाचा फोटो हवा आणि कुणाचाही दुसऱ्यापेक्षा लहान नको. उपाध्यक्षांचा फोटो चौकटीत बसेना, म्हणून मी त्याला उजव्या बाजूने धरून ओढलं. साहेब मुळात सडपातळ, ते गणेशोत्सवाच्या देखाव्यातल्या कुंभकर्णासारखे झाले. भाची ओरडली, "मामा, कोपरा धरायचा, कोपरा! बाजू धरली की माणूस पसरतो." आमच्या संचालक मंडळाला हे शास्त्र आधीपासून अवगत असावं. सभेत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेला माणूस कधी बिघडत नाही, बाजू घेणारे मात्र हां हां म्हणता पसरतात.

मग ॲनिमेशन. तिने स्पष्ट बजावलं होतं, "याला हात लावू नका." ती पुण्याला परत गेली आणि मी लावला. अण्णांचा फोटो उसळत खाली येऊन दोन टप्पे खात स्थिर होतो, हे बघताना मला जी मजा आली, ती सांगता येत नाही. एक स्लाइड जाऊन दुसरी येताना आवाज काढायचीही सोय सापडली. यादीत 'टाळ्या' होत्या. अध्यक्षांच्या स्लाइडला टाळ्या लावल्या आणि शेजारीच 'सर्वांना लागू करा' अशा अर्थाचं बटण होतं, तेही दाबलं. मला वाटलं, सर्व संचालकांना.

आता आलेख. भाचीने जाताना दोन खांबांचे आलेख काढून ठेवले होते. ठेवी ११ कोटींवरून ११ कोटी ४० लाखांवर गेलेल्या, पण आलेखात यंदाचा खांब गेल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट. मी चक्रावलो. फोन केला.

"मामा, आकडे जवळजवळ असले की ते आपोआप शून्याऐवजी वरून कुठूनतरी मोजायला लागतं. तुमचा अक्ष अकराच्या जरा अलीकडून सुरू झालाय. तो शून्यावर आणायचा. नाहीतर लोकांची फसवणूक होते."

मी अण्णांना विचारलं. अण्णांनी आलेख पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "आकडा खाली लिवलाय न्हवं? मग फसवणूक कसली?"

सभेचा दिवस. मंगल कार्यालयाचा प्रोजेक्टर जुना. त्याची वायर निळ्या तोंडाची, पंधरा टाचण्यांची, आणि माझ्या लॅपटॉपला तसलं भोकच नाही. मंडपवाल्याच्या पोराने कुठूनतरी मधला तुकडा आणला. मग पडद्यावर काही दिसेना. त्यानेच विंडोज आणि पी अशी दोन बटणं दाबली आणि पडद्यावर माझ्या नातवाचा टोपीतला फोटो झळकला. सभासदांनी कौतुक केलं. मी एफ फाइव्ह दाबलं.

पहिली स्लाइड आली, टाळ्या वाजल्या. सगळे चपापले, मग हसले. अण्णा उसळत आले, टाळ्या. तेरा संचालक, तेरा वेळा टाळ्या. अण्णांची मान ताठ होत चालली होती. पंधरावी स्लाइड होती, 'अहवाल सालात दिवंगत झालेल्या सभासदांना भावपूर्ण श्रद्धांजली'. सभागृह उठून उभं राहिलं आणि त्या शांततेत कडकडून टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत एक वहिनी होत्या, त्यांचे यजमान त्या यादीत तिसरे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

ठेवींचा आलेख आला. "बघा, कुठनं कुठं गेली संस्था!" अण्णा माइकवर म्हणाले. या खेपेला टाळ्या लॅपटॉपने वाजवल्या, त्यात सभासदांनीही भर घातली. त्या भरात मी पुढचं बटण दाबलं. थकबाकीचा आलेख. ६२ लाखांची ६६ लाख. खांब लाल, यंदाचा तिप्पट. आणि लॅपटॉप इमानेइतबारे टाळ्या वाजवतोय.

"थकबाकी तिप्पट?" मागून आवाज आला.

"कुनाची हाय त्यांची नावं दावा!"

"ओ सचिव, हे छापील अहवालात कुठंय?"

पान चौदा, परिच्छेद तिसरा, 'किंचित'. पण हे सांगू कसा? तिप्पट नाही हो, चारच लाखांची वाढ आहे, अक्ष शून्यापासून धरलेला नाही, असं म्हणावं तर मिनिटापूर्वी टाळ्या घेतलेला ठेवींचा खांबही त्याच अक्षावर उभा होता. एक पाडला की दुसरा पडणार. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत महाबळेश्वरचं सगळं धुकं होतं.

तेव्हा मला भाचीचं शेवटचं वाक्य आठवलं : "काही अडलं तर बी दाबा मामा, पडदा काळा होतो." मी बी दाबलं.

पडदा मिट्ट काळा झाला. एक क्षण शांतता, आणि मग कुणीतरी म्हणालं, "गेली वाटतं लाईट." झालं. आमच्याकडे या वाक्यावर कुणी शंका घेत नाही. अण्णांनी माइक पुढे ओढला आणि एका दमात म्हणाले, "लाईटीअभावी उर्वरित अहवाल वाचला असे समजावे." "मंजूर, मंजूर!" लोक उठले, वड्यांकडे वळले. उपाध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी घाम पुसला, एक वडा उचलला.

शेवटच्या रांगेतले एक म्हातारे सभासद मात्र जागेवरच होते. काठीवर हनुवटी टेकून ते वर बघत होते.

"सायेब," ते मला म्हणाले, "लाईट गेली, तर मग ह्यो माइक आन् पंखा कशावर चाललाय?"