सुकाणूंची खडखड

माझी होडी कॅटामरान जातीची आहे, म्हणजे आडव्या नळ्यांनी जोडलेल्या दोन निमुळत्या होड्यांची जोडी. त्यामुळे इतरांना एका सुकाणूचा जो त्रास असतो तो मला दोन सुकाणूंचा आहे, आणि दोघांची तक्रार एकाच दिवशी सुरू होईल इतकी त्यांच्यात एकी आहे. ही तक्रार प्रथम खडखडीच्या रूपाने आली. वारा मंद असताना सुकाणू वळवण्याचा दांडा हातात धरला की मागून कोणीतरी डब्यात खडे हलवत असल्यासारखा आवाज येई. मी तो पूर्ण एक हंगाम लाटांच्या नावावर खपवला.

पुढे दांडा जड लागू लागला तेव्हा मी दांड्याचेच सगळे नट आवळले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, हा प्रकार मी अत्यंत मनापासून केला. वास्तविक सुकाणूचे पाते तळाला लागल्यास मोडू नये म्हणून ते मागे उचलले जाण्याची सोय असते आणि त्याला खाली ओढून धरणारी एक दोरी असते. ती दोरी ढिली पडली की पाते पाण्यात किंचित मागे कलते, त्यावरचा दाब त्याच्या आसापासून दूर जातो, आणि दांडा अडेलतट्टू होऊन हाताला हिसडे देतो. दोरी ताणताच जडपणा गेला. खडखड मात्र राहिली, किंबहुना जडपणाच्या जाचातून सुटल्यामुळे ती अधिक मोकळेपणाने ऐकू येऊ लागली.

तेव्हा सुकाणू उतरवले. पात्याच्या बोल्टाचे भोक, जे जन्माने गोल होते, ते आता अंड्याच्या आकाराचे झाले होते. सुकाणू ज्यांवर फिरते त्या वरच्या आणि खालच्या पिनांचे प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे पिनांभोवतीची अस्तरासारखी कडी, हेही झिजले होते. ही झीज जेमतेम 1 मिलिमीटर भरली, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा थयथयाट, असे माझ्या मनात आले. परंतु दोन पिनांमधले अंतर 15 सेंटिमीटर आणि पात्याचे टोक त्यांच्याखाली 75 सेंटिमीटर असेल, तर वरचा 1 मिलिमीटर खाली पोचेपर्यंत 5 मिलिमीटर होतो. अफवासुद्धा इतक्या शिस्तीत वाढत नाहीत.

बुश बदलणे सोपे निघाले, म्हणून त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. भोकाचे काम मात्र इपॉक्सीचे, म्हणजे हार्डनर नावाचे दुसरे द्रव्य मिसळले की दगडासारख्या घट्ट होणाऱ्या चिकट राळेचे होते. ओलावा शिरलेला भाग कोरून काढावा, पाते पूर्ण वाळू द्यावे, इपॉक्सीत भरणीची पूड मिसळून भोक बुजवावे, ते कडक झाले की नेमक्या जागी नवे भोक पाडावे, असा सरळ मार्ग आहे. मला तो फार सरळ वाटला. बोल्टाला मेण चोळून तो ओल्या इपॉक्सीतच बसवला, तर भोक आपोआप बोल्टाच्या मापाचे तयार होईल, ही युक्ती मी निवडली. युक्ती खरोखरच चांगली आहे. मेण दोन्ही बोल्टांना लावायचे असते, एवढेच तिचे पथ्य आहे. मी पहिल्या बोल्टाला मेण लावले आणि तेवढ्यात डब्यातून धूर येऊ लागला. घाईत गरजेच्या चौपट इपॉक्सी मी खोल डब्यात कालवून ठेवले होते, आणि हार्डनर मिसळल्यावर ते स्वतःच तापते. पसरट ताटलीत उष्णता निघून जाते, खोल डब्यात ती साठत राहते. मी डबा अंगणात नेऊन ठेवला, परत येऊन शिल्लक इपॉक्सी दुसऱ्या भोकात भरले, बोल्ट घुसवला आणि समाधानाने हात पुसले.

दुसऱ्या दिवशी एक बोल्ट बोटाने निघाला. दुसरा सुकाणूचा आजन्म सभासद झाला होता. अखेर तापलेले सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर काही मिनिटे टेकवून ठेवले, तेव्हा आतले इपॉक्सी मऊ पडले आणि तो कुरकुरत बाहेर आला. हे पाहून पत्नीने विचारले, “अहो, हे दुरुस्तीचे पाऊल आहे की शिक्षेचे?”

मुळात ही झीज झाली कशाने, याचा शोध मला घ्यायला नको होता, कारण तो माझ्यापाशीच येऊन थांबला. होडी वल्हवत किंवा शिडावर चालवत असताना सुकाणूवर दाब एका बाजूने असतो. पिना भोकाच्या एकाच कडेला टेकून राहतात. खरी झीज होते ती होडी नांगरून आपण घरी निवांत झोपलेलो असताना, कारण मोकळे सुकाणू प्रत्येक बारक्या लाटेबरोबर इकडून तिकडे आपटते, आणि लाटा रात्रीची सुट्टी घेत नाहीत. शिवाय माझ्या मायेचा वाटा होताच. मी पिनांना भरपूर ग्रीस फासत असे. त्यात वाळूचे कण अडकून उत्तम प्रतीचा पॉलिश पेपर तयार होई. ॲल्युमिनियमच्या खोबणीत स्टेनलेस स्टीलचा बोल्ट थेट बसवला होता, खाऱ्या पाण्यात या दोन धातूंचे पटत नाही आणि नेहमी ॲल्युमिनियमच कुरतडले जाते. आता मध्ये नायलॉनचे वॉशर आहेत, ग्रीसऐवजी कोरडे सिलिकॉन आहे, आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याची आंघोळ आहे. इपॉक्सीला उन्हाचा त्रास होतो म्हणून वर रंगाचा हातही आहे.

दोन्ही पाती समांतर बसवण्यासाठी मी पुढच्या कडांमधले आणि मागच्या कडांमधले अंतर पाच वेळा मोजले आणि पाच वेगवेगळी उत्तरे मिळवली. सहाव्यांदा पत्नीने टेप धरला, तेव्हा टेप तिरपा जात होता हे कळले.

पहिल्याच फेरीत होडी इतकी नि:शब्द चालली की मला करमेना. घरी येऊन रात्री अंथरुणावर पडलो आणि उठून बसलो: दांडा बांधायचाच राहिला होता. टॉर्च दातांत धरून, गुडघाभर पाण्यात उभा राहून मी दोन्ही सुकाणू मध्यावर आणून दोरीने घट्ट बांधले. तेवढ्यात शेजारच्या होडीकडून ओळखीचा आवाज आला, टक, टक, टक. मालकाची परवानगी नव्हती, ओळखही नव्हती. तरी त्याच्या दांड्याला दोन वेढे देऊनच मी परतलो.