केळीची गाडी पुन्हा रुळावर आणा

काल आमच्या बागेत कटाई होती. गाडीत पानं अंथरली, घडांचे थर चढले आणि दिवेलागणीला दहा चाकी ट्रक दिल्लीच्या रस्त्याला लागला. तेवढ्यात पलीकडे भुसावळ-खंडवा लाइनवरून विजेवरची मालगाडी धडधडत गेली. माझा जीव तिथेच अडकतो.

हिशेब करून बघा. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरहून दिल्ली हजार-अकराशे किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला चारच्या आसपास चालतो, म्हणजे एका खेपेला पावणेतीनशे लिटर डिझेल. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका गाडीमागे सातशे किलोच्या वर. आणि हा वायू वाढून हवामान बिघडलं की झळ कुणाला बसते? आपल्यालाच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पानं करपतात, घड सटकतात. कडाक्याच्या थंडीत चरका बसतो, म्हणजे पानं-घड गारठून खराब होतात. वादळात वर्षभर जपलेली बाग तासाभरात आडवी होते.

रेल्वेची वीजही बरीचशी कोळशाचीच, हे मला मान्य आहे. पण रुळावर टनभर माल ओढायला रस्त्यापेक्षा खूप कमी ताकद लागते.

ट्रकवाल्यांवर माझा राग नाही. ट्रक बांधापर्यंत येतो, थेट मंडीत उतरतो. वॅगनला माल आधी स्टेशनपर्यंत न्या, दोनदा हमाली द्या, ठरल्या तासांत भरा. आमच्या आबांनी सावद्याला, निंभोऱ्याला वॅगनी भरल्यात, त्यांना हा सगळा त्रास पाठ आहे. एकदा आमचा रेक, म्हणजे वॅगनींची अख्खी गाडी, एक दिवस उशिरा लागला. घड स्टेशनवर तापत पडले, वरची फणी पिवळी पडली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. त्यानंतर आबांनी वॅगनीचं नाव काढलं नाही. पिकणारा माल वेळ चुकवणाऱ्या गाडीत कोण घालेल?

२०२० मध्ये किसान रेल आली, भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. रावेर-सावद्याहून केळी दिल्लीच्या आदर्श नगरला गेली. सवलत मुदतीची होती, ती संपली. राष्ट्रीय रेल्वे आराखडा म्हणतो, २०३० पर्यंत देशातला ४५ टक्के माल रेल्वेने जावा. आज तो पाव हिश्श्याच्या थोडा वर आहे. कोळसा, सिमेंट, लोखंड यांचा पूर्ण रेक भरतो, त्यांची काळजी घेतली जातेच. पण ट्रकवरचा माल रुळावर आणायचा तर आमच्यासारख्या छोट्या मालाचाच विचार करावा लागेल. पाच-सात डब्यांचा छोटा रेक द्या. आठवड्यातले वार ठरवा आणि ते पाळा. स्टेशनजवळ सावलीची शेड आणि माल निवडून भरायला पॅकहाऊस बांधा. सवलत दरवर्षी मागायला लावू नका. वाचलेल्या डिझेलच्या हिशेबाने ती कायमची द्या.

पुढच्या सोमवारी आम्ही काही शेतकरी हेच लिहून निवेदन देतोय. रावेर, यावल, चोपड्यातल्या ज्यांची कटाई येत्या दोन महिन्यांत आहे, त्यांनी खाली गाव आणि अंदाजे क्विंटल लिहा. डबे किती लागतील हा आकडा सोबत जोडायचा आहे.